एक दिवसाआड

डोंबिवलीत प्लेटलेट्स म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दरवर्षी गणपतीच्या आगेमागे प्रत्येक इमारतीत दोन-तीन जणांना डेंग्यू होतो, आणि मग त्यांचा आकडा जिन्यात, वाण्याकडे, भाजीवालीपाशी रोज जाहीर होतो. वीस हजार झाल्या, चाळीस झाल्या, काल लाखावर गेल्या, सुटला बिचारा. मला ल्युकेमिया झालाय हे कळल्यावर आमच्या इमारतीतल्या लोकांची मोठी पंचाईत झाली होती. काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. दोन महिन्यांनी माझ्या प्लेटलेट्स कमी झाल्याचं कळलं आणि त्यांची पंचाईत एकदम संपली, कारण प्लेटलेट्सबद्दल त्यांना सगळं माहीत होतं.

तळमजल्यावरच्या काकू दुसऱ्याच दिवशी पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. चौथ्या मजल्यावरून किवी आले. कुणीतरी आंबिवलीहून शेळीचं दूध आणायची व्यवस्था परस्पर करून टाकली आणि मला नुसतं कळवलं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी रक्तदात्यांची यादी केली, एकवीस नावं, रक्तगटासकट. मला तेव्हा कुणाच्या रक्ताची गरजच नव्हती. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण ‘कशी आहेस’च्या ऐवजी ‘किती आल्या?’ असंच विचारायचा. मी तशी नाकावर राग असलेली बाई. दहावीचा अख्खा वर्ग माझ्या एका नजरेने गप्प बसायचा. पण या लोकांना काय बोलणार? मनापासून करत होते सगळे. डॉक्टरांनी असलं काही घ्यायला मनाई केलेली, म्हणून मी रस बेसिनमध्ये ओतायचे आणि ग्लास धुऊन परत द्यायचे.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवत होते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हा इथला विषय नाही. भाऊ-बहीण नाही. आई जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे, एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीतून पॅकिंग विभागात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. समोरून सरकत जाणाऱ्या पट्ट्यांमध्ये एखाद्या खणात गोळी नसली तर ती पट्टी उचलून बाजूला ठेवायची, हे त्यांचं काम होतं. त्यामुळे घरात औषधं हा त्यांचा प्रांत. मला साधी सर्दी झाली तरी पट्टी हातात घेऊन मागची तारीख वाचून, गोळी बोटांनी चाचपून मगच द्यायचे. कुणी मध्ये बोललंच तर म्हणायचे, “गोळीचं मला सांगू नकोस.”

माझा रोग सापडला तो शाळेतल्या आरोग्य तपासणीत. पांढऱ्या पेशी वाटेल तेवढ्या वाढलेल्या. ठाण्याच्या रक्ताच्या डॉक्टरांनी अहवाल बघून सांगितलं, हा ल्युकेमियातला सौम्य प्रकार आहे आणि यावर आता नेमकी गोळी आहे. केस जात नाहीत, सलाइन नाही. रोज एक गोळी, बहुतेक आयुष्यभर. “फक्त चुकवायची नाही,” ते म्हणाले. “तेवढं एकच पथ्य समजा.” बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, “नशीबवान आहेस.” मला त्या शब्दाची चीड आली. पण रिक्षात बसल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं.

ही गोळी रोगट पेशींना मारते, पण सुरुवातीच्या काळात तिच्याबरोबर प्लेटलेट्सही खाली येऊ शकतात. माझ्या आल्या. पन्नास हजारांच्या खाली गेल्या की डॉक्टर गोळी बंद करायला सांगायचे. दोन आठवड्यांत प्लेटलेट्स वर यायच्या, गोळी पुन्हा सुरू, पुन्हा खाली. असं तीन वेळा झालं. दुसऱ्या खेपेनंतर त्यांनी डोसही कमी केला.

प्लेटलेट्स कमी असणं दुखत नाही. नुसतं दिसतं. पोटऱ्यांवर लाल बारीक ठिपके उठायचे, घामोळ्यांसारखे, पण खाज नाही. बाकाच्या कोपऱ्याला मांडी लागली की दुसऱ्या दिवशी तिथे वांग्याच्या रंगाचा डाग. ब्रश लहान मुलांचा घेतला, तरी चूळ भरली की पाणी गुलाबी. पाळी आली की अकरा-अकरा दिवस थांबायची नाही, आणि शाळेत स्टाफरूमपासून बाथरूमपर्यंतचा व्हरांडा मला मैलभर वाटायचा. डोकं दुखलं तर नेहमीची गोळी घ्यायची नाही. नाक शिंकरायचं नाही. घरात सुरी नको, कात्री नको, आणि विळी तर अजिबात नको. बाबांनी विळी माझ्याकडून काढून घेतली. आईच्या मागे त्या विळीवर फक्त मी बसत होते. आता बाबा तिच्यावर बसून दुधी चिरायचे, एक फोड अंगठ्याएवढी, दुसरी लाडवाएवढी. मी आत-बाहेर करत कुरकुर करायचे, आणि ते मान वर न करता म्हणायचे, “शिजल्यावर सगळं सारखंच होतं.”

दर सोमवारी सकाळी एक मुलगी घरी येऊन रक्त घेऊन जायची आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट यायचा. मी गणिताची बाई. आठवी-नववीच्या मुलांना आलेखाशिवाय काही समजत नाही, असं माझं मत. म्हणून मी आलेखाचा कागद घेतला, खाली तारखा मांडल्या, उभ्या रेघेवर हजार, आणि पन्नास हजारांवर लाल पेनाने आडवी रेघ मारली. तो कागद फ्रिजला लावला. दर सोमवारी एक टिंब. रेघ वर गेली की बाबा दोन चहा करायचे, खाली आली की एकच करून माझ्यासमोर ठेवायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

एक आकडा मात्र त्या कागदावर नव्हता. रोग किती उरलाय हे सांगणारी तपासणी वेगळी असते आणि ती तीन महिन्यांतून एकदा होते. खरा आकडा तो. प्लेटलेट्सचं कितीही वर-खाली झालं तरी तो खाली जात राहिला पाहिजे, आणि तो खाली जातो फक्त गोळीने. हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं, मला ते कळलंही होतं. पण बाबांना मी सांगितलं नाही. त्यांना कशाला उगीच टक्केवारीत पाडायचं, असं म्हटलं. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलाला मी एकाच कागदावर दोन रेघा काढून दाखवते, एक चढते तेव्हा दुसरी काय करते बघ म्हणून. घरी मला पाच मिनिटं लागली असती.

तिसऱ्यांदा प्लेटलेट्स खाली गेल्या, तेव्हा एकोणीस हजार आल्या. त्या मंगळवारी सकाळी मी उठले तर उशीच्या अभ्र्यावर रक्त होतं, हिरड्यांमधून रात्रभर झिरपलेलं, आणि माझी हनुवटी चिकट झाली होती. बाबांनी माझ्या हातातून अभ्रा घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन गार पाण्यात चोळायला लागले. मी दारात उभी होते. घाबरले होते, आणि मी घाबरले की चिडते. मी म्हणाले, “रोगाने नाही मरणार मी. ही गोळीच मला मारणार आहे.” बाबांनी अभ्रा पिळून वाळत घातला.

दोन आठवड्यांनी गोळी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी चमत्कारच झाला. प्लेटलेट्स खाली गेल्याच नाहीत. बासष्ट, सत्तर, एक्क्याऐंशी. नंतरच्या महिन्यात एक लाख चार हजार. लाल रेघ खूप खाली राहिली. डॉक्टर म्हणाले, होतं असं, शरीर जुळवून घेतं. तळमजल्यावरच्या काकूंना खात्री होती की हा त्यांच्या रसाचा गुण. त्या शिरा घेऊन आल्या आणि तुळशीचं पान ठेवून माझ्या हातात वाटी देत बाबांना म्हणाल्या, “बघितलंत ना? मी म्हणत नव्हते?” एरवी बाबांनी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला असता. पपई आणि पेशी यांचा काय संबंध, कंपनीत आम्ही काय काय बघितलंय, सगळं सांगितलं असतं. पण त्या दिवशी ते नुसते हसले आणि शिरा खाल्ला. मला तेव्हा ते चमत्कारिक वाटलं होतं, पण पुढे मी त्यावर विचार केला नाही.

ते पाच महिने फार सुखाचे गेले. मी मोठ्यांचा ब्रश आणला. विळी परत मिळवली आणि कोथिंबिरीच्या वड्यांसाठी एक अख्खी जुडी त्यावर बारीक चिरली, मुद्दाम. शाळेची सहल टिटवाळ्याच्या पुढे एका शेतावर गेली, तिथे मी मुलींबरोबर लंगडी खेळले आणि पडलेही. गुडघ्याला फक्त खरचटलं, बाकी काही नाही. घरी येऊन बाबांना गुडघा दाखवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, म्हातारपण.

सकाळी सव्वासहाला मी घरातून निघायचे. साडी, पिना, वह्यांचा गठ्ठा, आणि एका हाताने पोळी-चहा. बाबा गोळ्या पट्टीतून काढून स्टीलच्या छोट्या वाटीत घालून ठेवायचे. चार असायच्या, ती मुख्य एक, युरिक अ‍ॅसिड वाढू नये म्हणून एक आणि दोन ताकदीच्या. मी वाटी तोंडात उलटी करायचे आणि वर पाणी प्यायचे. लहानपणापासून बाबांच्या हातची गोळी मी कधी बघून घेतलेली नाही.

त्या पाच महिन्यांतल्या पहिल्या तीन महिन्यांनी रोगाचा आकडा सांगणारी ती तपासणी झाली. आधी खाली जात असलेला आकडा थोडा वर आला होता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करून बघू. पुढच्या खेपेला तो बराच वर आला. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मॅडम, गोळ्या चुकतायत का? महिन्यातून एखादी, दोन?” मी म्हटलं, “एकही नाही.” त्यांनी पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. मी त्यांना सांगितलं की मी चोवीस वर्षं शिक्षिका आहे आणि गृहपाठ न करणाऱ्या मुलांचे चेहरे मला चांगले ओळखता येतात, तो माझा चेहरा नाही. ते कसनुसे हसले. आणखी एक तपासणी लिहून दिली, रोगाने रूप बदललंय का ते बघणारी.

घरी आले ती तणतणतच. बाबा स्वयंपाकघरात विळीवर बसून घोसाळी चिरत होते. मी पर्स टेबलावर टाकली. “मला विचारतात, गोळ्या चुकल्या का! मला! दोन-दोनदा विचारतात!”

विळीवरचा हात थांबला.

“आकडा वाढलाय म्हणे. एवढ्या छान प्लेटलेट्स असताना कसा वाढला, काही कळत नाही.”

“कसला आकडा?” बाबा म्हणाले.

“रोगाचा. तो वेगळा असतो.”

“वेगळा असतो?”

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, चिडलेल्या आवाजात, आठ महिन्यांपूर्वी जे सांगायला हवं होतं ते. ते ऐकत राहिले. घोसाळ्याची फोड त्यांच्या हातातच होती. सांगून झाल्यावर त्यांनी विळीचं पातं मिटलं, भिंतीला धरून उठले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून टाल्कम पावडरचा जुना पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. आत त्या गोळ्या होत्या.

“एक दिवसाआड देत होतो,” ते म्हणाले.

“काय?”

“ती गोळी. एक दिवस ती, एक दिवस कॅल्शियमची छोटी. दिसायला सारख्याच आहेत. डॉक्टर स्वतःच पंधरा-पंधरा दिवस बंद करत होते ना? बंद केली की वर जायच्या, सुरू केली की खाली. मी म्हटलं, मधला मार्ग काढू. खाली जायलाच नकोत. ते उशीवर… तसं पुन्हा व्हायला नको.”

“आणि या ठेवल्यात कशाला?”

“औषध टाकायचं नसतं,” ते म्हणाले.

मी टेबलापाशी बसले आणि गोळ्या मोजल्या. का मोजल्या माहीत नाही, हातांना काहीतरी हवं होतं. एकाहत्तर होत्या. मग मी बोलायला लागले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. एवढं लिहिते की मी म्हणाले, “तुम्हाला डॉक्टर व्हायला कुणी सांगितलं होतं? पट्ट्या तपासायचं काम होतं तुमचं, पट्ट्या!” चौतीस वर्षं त्या कामावर त्यांनी मला वाढवलं, शिकवलं. ते उभे होते. घोसाळ्याचं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

रोज न चुकता ती गोळी घ्यायला मी त्याच दिवशी सुरुवात केली, स्वतःच्या हाताने, पट्टीतून काढून. तीन आठवड्यांनी त्या तपासणीचा निकाल घ्यायला ठाण्याला एकटी गेले. बाबा निघाले होते बरोबर, मी त्यांना नको म्हटलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते संतापतील; मला ते हवंच होतं. पण ते नुसते ऐकत राहिले आणि म्हणाले, “पहिलेच नाहीत ते.” मग कागद माझ्याकडे वळवला. रोगाने रूप बदललं होतं. आता या गोळीला तो दाद देणार नव्हता.

मी विचारलं, “रोज घेतली असती तर हे झालं नसतं ना?”

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. “सांगता येत नाही,” ते म्हणाले. “खंड पडला की असं होऊ शकतं. पण एकही दिवस न चुकवणाऱ्या पेशंटमध्येही मी हे पाहिलंय. शिवाय तुमच्या प्लेटलेट्स तशाच राहिल्या असत्या तर मलाच गोळी वारंवार थांबवावी लागली असती. तुमच्या बाबतीत कशामुळे झालं, हे कुठल्याच तपासणीतून कळणार नाही. खरंच नाही कळणार.”

त्यांनी दुसरी, जास्त जोरकस गोळी लिहून दिली. मी ठाण्याहून डोंबिवलीला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, पण मला काय दिसलं ते आठवत नाही. डोक्यात एकच होतं. सांगता येत नाही. गणितात असं उत्तर असतं, मी मुलांना शिकवलंय, दिलेल्या माहितीवरून उत्तर काढता येणार नाही असं लिहा, पूर्ण मार्क मिळतील.

बाबा दार उघडून उभेच होते, मी बेल वाजवायच्या आधी. मी चपला काढल्या. नव्या गोळीचं सांगितलं. ते माझ्या मागोमाग आत आले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “माझ्यामुळे झालं का?”

मी म्हणाले, “हो.”

इतकंच. मला ‘सांगता येत नाही’ म्हणता आलं असतं, डॉक्टरांचे शब्द होते ते, तासाभरापूर्वी ऐकलेले. पण ते शब्द घेऊन त्या घरात बसणं मला झेपत नव्हतं. मला मरण दिसत होतं आणि त्याला कुणीतरी जबाबदार हवं होतं. आणि समोर बाबाच होते.

ते म्हणाले, “बरं.” मग आत जाऊन त्यांनी कुकर लावला.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या औषधांना हात लावला नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा माझ्या हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात आणि बाजूला होतात. सोमवारी रिपोर्ट आला की आधी चष्मा शोधत माझ्यापर्यंत यायचे, ते आता येत नाहीत. फ्रिजवरचा कागद एके दिवशी तिथे नव्हता. मी विचारलं नाही.

नवी गोळी चार महिने घेतली. प्लेटलेट्स चाळीस, सत्तावीस, मग अकरा हजार. मी डॉक्टरांना म्हटलं, थोडे दिवस थांबवू या का. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आता हे गोळीमुळे नाही, रोगामुळे आहे. रोग पुढच्या टप्प्यात गेलाय. बोन मॅरो बदलायचं बोलून झालं. सख्खं भावंड नाही, बाबांचं वय बसत नाही, परका दाता जुळला नाही. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. माझी शाळा सुटली. मुलांनी कार्ड पाठवलं, त्यावर कुणीतरी वर्गमूळ चुकीचं लिहिलं होतं. मी ते लाल पेनाने दुरुस्त केलं.

आता आठवड्यातून दोनदा ठाण्याला जाऊन प्लेटलेट्स चढवून घ्यायच्या. सोसायटीतले लोक येऊन देऊन जातात, तासभर सुई टोचून घेऊन पडून राहतात आणि बिस्किट खाऊन कामाला जातात. पिशवी पिवळसर असते, पातळ कढीच्या रंगाची. चढवली की आकडा पंचवीस-तीस हजारांवर जातो आणि तिसऱ्या दिवशी होता तिथे येतो. गेल्या दोन खेपांना तर वर गेलाच नाही. माझं शरीर आता दुसऱ्याच्या प्लेटलेट्स टिकू देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे हेही किती दिवस, ते दिसतंच आहे. तळमजल्यावरच्या काकू आता काही विचारत नाहीत. जिन्यात भेटल्या की माझ्या कोपराला हळूच हात लावतात, आणि त्या जागी दुसऱ्या दिवशी डाग उठतो. मी त्यांना ते सांगत नाही.

मी ते ‘हो’ परत घ्यायचा प्रयत्न केलाय. पहिल्यांदा महिन्याभराने, जेवताना. म्हटलं, बाबा, डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, ते म्हणाले सांगता येत नाही. ते म्हणाले, “हं,” आणि मला आमटी वाढली. पुन्हा एकदा म्हटलं, पुन्हा ‘हं’. मग मी डॉक्टरांनाच सांगायला लावलं. त्यांनी बाबांना समोर बसवून नीट, सावकाश, अगदी माझ्या पद्धतीने समजावलं. न चुकवणाऱ्यांनाही होतं, तुमच्यामुळेच झालं असं कुणीही म्हणू शकत नाही. बाबांनी त्यांना हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाले, “चांगले आहेत डॉक्टर. तू सांगितलंस म्हणून बोलले.”

परवा दुपारी पिशवी चढत होती. वॉर्डात बाबा माझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, कुणाच्या वाटेत यायला नको अशा बेताने. मी म्हटलं, “बाबा, इकडे बघा. मी तेव्हा खोटं बोलले. मला राग आला होता म्हणून बोलले. आणि ते पाच महिने, ते तुम्ही दिलेत मला. मी लंगडी खेळले. कोथिंबीर चिरली. एवढी बरी मी नंतर कधीच नव्हते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या हाताकडे, जिथे सुई होती. हात लावायला म्हणून पुढे आले आणि पुन्हा मागे झाले.

“तू रागावतेस तेव्हाच खरं बोलतेस,” ते म्हणाले. “लहानपणापासून. आता माझी काळजी वाटते म्हणून असं म्हणतेस. मला कळतं गं ते. तू बोलू नकोस, दमशील.”

मी रडले. ते उठून नर्सला बोलवायला गेले. त्यांना वाटलं, दुखतंय.

हे लिहिलंय ते त्यांनी वाचलं तर काय म्हणतील, तेही मला माहीत आहे. ‘माझ्यासाठी लिहिलंस,’ म्हणतील. डॉक्टर आता माझ्याशी महिन्यांत नाही, आठवड्यांत बोलतात. मी गेल्यावर बाबा त्या घरात एकटे राहतील, सकाळी चहा करतील, आणि मी दिलेल्या त्या एका उत्तरावर शेवटपर्यंत विश्वास ठेवतील.